दोन चॅनेल, एक कान

एकाच कानाने ऐकू येणाऱ्या वाचकांची पत्रं या सदराकडे अधूनमधून येतात. या वेळी ती एकत्र घेतली आहेत. उत्तरं एका ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) आणि एका ध्वनितंत्रज्ञाने मिळून दिली आहेत. पत्रांतला फक्त प्रश्नाचा भाग छापला आहे.

डिचोली : माझा उजवा कान बरीच वर्षं बंद आहे. चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तेव्हा डावाही दडपल्यासारखा वाटला. गाणी लांबून ऐकू येतात, कानात शिटी वाजते. सर्दीमुळे असेल का? थोडे दिवस थांबून पाहू का?

थांबू नका. हे उत्तर पत्र हातात पडलं त्याच दिवशी फोनवरून दिलं आहे, इथे इतरांसाठी छापतो आहोत. कान अचानक मंदावण्याची कारणं मळ किंवा सर्दी अशी साधीही असतात, पण आतल्या कानाचा आजारही तसाच सुरू होतो, आणि घरच्या घरी दोन्हींतला फरक कळत नाही. आतल्या कानाचा असेल तर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच सुधारण्याची आशा जास्त, दोन आठवडे उलटल्यावर ती झपाट्याने कमी होते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात कान-नाक-घसा विभागात त्याच दिवशी जा, आणि ‘ऐकू येणारा हा एकच कान आहे’ हे वाक्य आधी सांगा. कानात तेल घालू नका. डॉक्टरांनी पाहीपर्यंत हेडफोन बंद.

फोंडा : लहानपणी गालगुंड होऊन डावा कान पूर्ण गेला, उजवा ठणठणीत आहे. हेडफोन लावून सतार-सरोदची जुगलबंदी ऐकली तर सतार जेमतेम ऐकू येते, तबल्याचा डग्गाही दबलेला. काही जुन्या इंग्रजी गाण्यांत गायकाचा आवाजच नसतो. बॅलन्स पूर्ण उजवीकडे सरकवून पाहिला, काही फरक नाही.

फरक पडणारच नव्हता. बॅलन्स उजवीकडे नेला की डावा चॅनेल उजवीकडे येत नाही, तो फक्त गप्प होतो. तुम्हाला हवं आहे ते दोन्ही चॅनेलचं मिश्रण, म्हणजे मोनो. या दोन गोष्टींची गल्लत जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते.

स्टिरिओ ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्याला डावी-उजवी जागा दिलेली असते. जुगलबंदीत सतार एका बाजूला आणि सरोद दुसऱ्या बाजूला ठेवण्याची पद्धत आहे. तबल्याच्या दायाँ आणि डग्ग्यासमोर वेगवेगळे माइक असतात आणि तेही थोडे दोन बाजूंना ढकललेले असतात. दोन तानपुरे असतील तर बहुधा एक इकडे, एक तिकडे. १९६०च्या दशकातल्या कित्येक पाश्चात्त्य पॉप रेकॉर्डिंगमध्ये तर गायक एका चॅनेलात आणि सगळी वाद्यं दुसऱ्यात अशी सरळ फाळणी आहे. तुमचे गायक डाव्या चॅनेलात अडकले आहेत, इतकंच.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. त्यात ‘ऑडिओ’ किंवा ‘हिअरिंग’ नावाच्या भागात ‘मोनो ऑडिओ’चं बटण असतं. कंपनीगणिक नाव आणि जागा बदलते, म्हणून सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘मोनो’ टाइप करणं सगळ्यांत सोपं. आयफोनवरही ‘ॲक्सेसिबिलिटी’तच, ‘ऑडिओ अँड व्हिज्युअल’ या भागात. विंडोज ११ वर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं गेलात की सापडतं. आधी बॅलन्स पुन्हा मध्यावर आणा, मग मोनो चालू करा. नंतर ‘लेफ्ट’, ‘राइट’ असं बोलून दाखवणारी एखादी स्टिरिओ चाचणी यूट्यूबवर लावा. उजव्या कानात दोन्ही शब्द सारख्याच जोराने आले की काम झालं. त्यानंतर बॅलन्स उजवीकडे नेलात तर डावी बाजू उगाच वाजून शेजारच्याला त्रास देणार नाही, आणि तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे.

वायरलेस इअरबडची जोडी असेल तर एकच बड वापरल्यावर अनेक कंपन्यांचे बड आपोआप दोन्ही चॅनेल त्यात मिसळतात. सगळे मिसळत नाहीत. हीच चाचणी दुकानात उभ्या उभ्या करा, खोक्यावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

मोनो केल्यावर आवाजाचा तोल थोडा बदलतो. जे दोन्ही चॅनेलांत सारखं आहे, म्हणजे मध्यावर ठेवलेला गायक, ते बाजूच्या वाद्यांच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने पुढे येतं आणि सभागृहाचा घुमारा मागे जातो. गाणं ऐकायला हे बरंच आहे. पण मोठ्या वाद्यवृंदात सगळं एकाच ठिकाणाहून आल्यामुळे गर्दी वाटते. तिथे इक्वलायझरमध्ये २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल खाली घ्या. त्याहून जास्त उतरवलात तर पुरुष गायकाचा आवाज पातळ होतो.

एखादं गाणं मोनोत पोकळ वाटलं किंवा त्यातलं एखादं वाद्य नाहीसंच झालं, तर दोष फोनचा नाही. ‘रुंद’ वाटावं म्हणून एका चॅनेलात ते वाद्य उलट्या फेजमध्ये, म्हणजे ध्वनिलहरीचे चढउतार उलटे करून, घातलेलं असतं आणि बेरजेत ते स्वतःलाच खोडतं. त्या गाण्याची दुसरी आवृत्ती शोधा, नाहीतर तेवढ्यापुरता मोनो बंद ठेवा. याउलट मोनो बंद असतानाही सगळ्याच गाण्यांतला गायक गायब असेल तर हेडफोनची पिन तपासा. ती अर्धवट बसली किंवा तिचं ग्राउंड (दोन्ही चॅनेलांची सामाईक परतीची जोडणी) सुटलं की दोन चॅनेलांची वजाबाकी ऐकू येते आणि मध्यावरचा गायक नेमका वजा होतो. आपल्या दमट हवेत पिनेवर थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा.

‘स्पेशियल’, ‘थ्रीडी’, ‘सराउंड’ नावाच्या सगळ्या सोयी बंद ठेवा. डोक्याच्या एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानात फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद पोचतो. मेंदू या दोन नोंदींची तुलना करून दिशा ठरवतो. एका कानाकडे तुलनेला दुसरी नोंदच नाही. ‘दिशा परत मिळवून देऊ’ असं म्हणणारं उपकरण विकत घेऊ नका. संगीतातला एकही स्वर मात्र मोनोमुळे तुमच्यापर्यंत यायचा राहत नाही.

म्हापसा : घरी जुना ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आहेत, मोनोचं बटण नाही. डाव्या कानाला ऐकू येत नाही. स्पीकरच्या दोन्ही लाल वायरी एकत्र बांधल्या तर मोनो होईल का?

मोनो होणार नाही, ॲम्प्लिफायर जळेल. दोन्ही चॅनेलचे आउटपुट एकमेकांत वीज ढकलायला लागतात. हल्लीच्या छोट्या बोर्डवाल्या ॲम्प्लिफायरमध्ये तर काळं टोकही ग्राउंड नसतं, दोन्ही टोकं चालू असतात. तिथे काळ्या वायरीही जोडायच्या नाहीत. मिश्रण ॲम्प्लिफायरच्या आधी करायचं, नंतर नव्हे.

पण त्याआधी एक विचारतो, तुम्हाला मोनोची गरज आहे का? हेडफोनचा डावा कप उजव्या कानाला ऐकू येत नाही, खोलीतला डावा स्पीकर मात्र येतो. डोकं आड आल्यामुळे डावीकडून येणाऱ्या आवाजातले वरचे स्वर तेवढे मंदावतात. साधारण २,००० हर्ट्झच्या वर हे ठळक जाणवतं. म्हणजे झांज, तानपुऱ्याची जवारी, ‘स’-‘श’ची धार. खालचे स्वर डोक्याला वळसा घालून जातात. तेव्हा आधी फुकटचा उपाय करा. खुर्ची डावीकडे सुमारे ४५ ते ६० अंश फिरवा, म्हणजे उजवा कान दोन्ही स्पीकरांच्या मध्याकडे होईल. डावा स्पीकर थोडा जवळ ओढा. पुष्कळांचं काम इथेच भागतं.

तरीही मोनो हवा असेल तर सामान थोडंच लागतं. ३.५ मिमीची स्टिरिओ पिन, १ किलो-ओहमचे पाव वॅटचे दोन रेझिस्टर (एक टक्क्यावाले मिळाले तर उत्तम), दोन आरसीए पिना आणि मीटरभर शिल्डेड वायर. स्टिरिओ पिनेचं टोक म्हणजे डावा चॅनेल, मधलं कडं उजवा, मागची नळी ग्राउंड. टोकाला एक रेझिस्टर, कड्याला दुसरा, आणि दोन्हींची मोकळी टोकं एकत्र डाग देऊन जोडा. या जोडावरून लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही आरसीए पिनांच्या मधल्या खिळ्यांना वायर न्या. शिल्ड सगळीकडे ग्राउंडला. रेझिस्टर न घालता नुसत्या वायरी जोडणाऱ्या ‘वाय’ केबली बाजारात मिळतात, त्या उलट्या लावून हे काम करू नका. दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात आणि आवाज फाटतो. रेझिस्टर हे भांडण थांबवतात. एकाच चॅनेलात असलेला आवाज या जोडणीत निम्म्या व्होल्टेजचा होतो, म्हणजे ६ डेसिबल उतरतो. तेवढा व्हॉल्यूम वाढवा. गुणगुण आली तर आधी शिल्डचे डाग तपासा, बहुतेक वेळा तिथेच एखादा कच्चा निघतो.

हीच जोडणी थेट हेडफोनला लावू नका. ३२ ओहमच्या हेडफोनसमोर हे रेझिस्टर इतके मोठे पडतात की आवाज सुमारे २४ डेसिबल खाली जातो. हेडफोनसाठी वर सांगितलेली फोनमधली सेटिंगच बरी.

मोनो केल्यावर दोन्ही स्पीकर चालू ठेवायचे की एक? आमचं मत स्पष्ट आहे : एक. दोन्हींतून तोच आवाज आला आणि एका स्पीकरचं कानापासूनचं अंतर दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त असलं, तर आवाज १ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खोडतात, पुढे १,५०० आणि २,५०० लाही तेच. दोन कानांचा मेंदू हे बरंचसं सावरून घेतो, एक कान तेवढं सावरू शकत नाही. ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्प्लिफायरची एक बाजू मोकळी राहिली तर बिघडत नाही. व्हॉल्व्हवाला असेल तर मोकळी ठेवू नका. स्पीकर उजव्या बाजूला, समोरून ३० ते ४५ अंशांवर, कानाच्या उंचीला, मीटर-दीड मीटरवर ठेवा. भिंतीच्या कोपऱ्यात खुपसलात तर खर्ज फुगतो.

दोन्हीच ठेवायचे असतील तर ते शेजारी शेजारी ठेवा आणि लाल-काळी अदलाबदल झालेली नाही ना ते पाहा. वायर ॲम्प्लिफायरमधून काढून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा, धन टोक लालला. दोन्ही स्पीकरांचे पडदे बाहेरच्याच बाजूला उसळायला हवेत. एक आत गेला तर मोनोत खर्ज गायब होणार.

मडगाव : हाडांतून आवाज नेणारे बोन कंडक्शन हेडफोन बंद कानाला ऐकवतात असं विक्रेता म्हणतो. घ्यावेत का? ‘क्रॉस’ नावाच्या श्रवणयंत्राने स्टिरिओ ऐकू येईल का?

विक्रेत्याचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि तुमच्या कानासाठी ते कोणतं निम्मं हे ऑडिओग्रामवरून, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावरून, कळेल. त्यात उजव्या कानाच्या खुणा लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या असतात. या झाल्या हवेतून ऐकण्याच्या. हाडांतून ऐकण्याच्या खुणा कंसांसारख्या दिसतात. बंद कानाच्या हवेच्या खुणा खाली आणि हाडांच्या खुणा वर, चांगल्या पातळीला असतील तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. अशा वेळी हाडांतून गेलेला आवाज त्या कानाच्या आतल्या भागाला खरोखर पोचतो. दोन्ही खुणा खालीच असतील तर दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे, आणि मग तो कान हाडांतूनही ऐकणार नाही.

मात्र चाचणी मास्किंगसह केलेली हवी, म्हणजे चांगल्या कानात सरसर आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवलेलं हवं. नाहीतर बंद कानासमोर वाजवलेला स्वर चांगलाच कान ऐकतो आणि कागदावर बंद कान आहे त्याहून बरा दिसतो. कवटी ओलांडताना हाडातल्या आवाजाची घट फार तर १० डेसिबल असते.

गंमत म्हणजे हीच गळती संगीताला उपयोगी पडते. बोन कंडक्शन हेडफोनच्या दोन्ही बाजू तुमच्या एकाच चालू कानापर्यंत पोचतात, त्यामुळे मोनोची सेटिंग न करताही दोन्ही चॅनेल ऐकू येतात. तोटा खर्जाचा. डग्गा नुसता गालाला गुदगुल्या करतो. फिरताना बातम्या किंवा भजन ऐकायला ठीक, नीट बसून गाणं ऐकायला साधा हेडफोन आणि मोनो हेच चांगलं. आणि कान मोकळा राहतो म्हणून स्कूटरवर लावू नका. एका कानाला हॉर्न ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही.

क्रॉस यंत्रात बंद बाजूचा माइक तिकडचा आवाज वायरलेसने चांगल्या कानात पाठवतो. जेवणाच्या टेबलावर बंद बाजूला बसलेल्याचं बोलणं कळायला ते उत्तम. स्टिरिओ त्याने येत नाही, कारण शेवटी सगळं एकाच कानात जातं. घरी गाणं ऐकताना ते काढून ठेवा किंवा ‘म्युझिक’ प्रोग्रॅमवर ठेवा. बोलण्यासाठी केलेली दाब-उचल (मोठा आवाज दाबणं, बारीक आवाज उचलणं) तानेतले चढउतार सपाट करते.

वास्को : पंधरा वर्षांच्या मुलीला जन्मतः एकच कान. ती हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवते. किती चालतो?

तिच्या हट्टामागे कारण आहे. तोच आवाज दोन कानांना एका कानापेक्षा साधारण ३ ते ६ डेसिबल मोठा भासतो, म्हणून एका कानाचा माणूस बटण वर नेत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. मोठ्यांच्या हिशोबाने ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, १०० ला वीस मिनिटं.

ओरडण्याऐवजी तीन गोष्टी करा. मोनो चालू करा. अर्धं गाणं ऐकू येत नसल्यामुळे आवाज वाढवला जातो, हे अनेकदा तिथेच थांबतं. बाहेरचा आवाज अडवणारा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन द्या, कारण कदंबच्या बसमधल्या घरघरीवर मात करायलाच बटण वर जातं. फोनमध्ये कमाल आवाजाची मर्यादा लावा. आणि वर्षातून एकदा ऑडिओग्राम.

पावसाळ्यात कानात घट्ट बसणारे सिलिकॉनचे बड टाळा. आत घाम आणि ओल कोंडते आणि कानात बुरशी धरते : खाज, दडपण, काळपट किंवा पांढरा स्राव. दोन कानवाल्याला ही कटकट आहे, तिच्यासाठी ते काही दिवसांचं बहिरेपण ठरेल. कापसाच्या काडीने कान कोरणं पूर्ण बंद.

साखळी : वडिलांच्या जुन्या तबकड्या आहेत, ७८ आरपीएमच्या आणि काही एलपी. एका कानाने ऐकताना किती निसटतं?

७८ च्या तबकड्यांत काहीच निसटत नाही. स्टिरिओचं पेटंट ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये दाखल केलं खरं, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले. त्यांचा आवाज जगात कुणीच स्टिरिओत ऐकलेला नाही. केसरबाई केरकरांच्या ७८ च्या तबकड्याही मोनोच. गोव्याच्या मातीतलं हे सगळं गाणं तुमच्या एका कानात जसंच्या तसं उतरतं.

उलट मोनो जोडणीचा इथे फायदाच होतो. मोनो तबकडीत स्वर खाचेच्या आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) उभी हालचालही उचलते, आणि उभ्या हालचालीत असते ती खरखर नि टर्नटेबलची घरघर. दोन्ही चॅनेल मिसळले की आडवं राहतं, उभं वजा होतं. म्हापशाच्या उत्तरातली जोडणी इथेही चालेल, फक्त फोनो प्रीॲम्पच्या (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या डबीच्या) नंतर लावा, आधी नको. सुई मात्र योग्य हवी : ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉन, जुन्या मोनो एलपीसाठी २५, स्टिरिओ एलपीसाठी १८ च्या आसपास. एलपीची सुई ७८ च्या खाचेत तळाला टेकते आणि तळातली धूळ वाजवते.

जुन्या मोनो ध्वनिमुद्रणाला नंतर ‘स्टिरिओ’ केलेल्या एलपींपासून सावध राहा. बऱ्याच वेळा एका चॅनेलात वरचे स्वर आणि दुसऱ्यात खालचे, अशी वाटणी असते. एकाच बाजूने ऐकलात तर गायक कर्कश नाहीतर बोदा.

काणकोण : भजनी मंडळात पेटी वाजवतो, उजवा कान बंद आहे. पखवाजाची लय कधी कधी सुटते. शिवाय कला अकादमीत गाणं ऐकायला कुठे बसावं?

पखवाज आणि मुख्य गायक दोघेही तुमच्या डाव्या बाजूला हवेत, झांजा उजवीकडे. झांजांची धार तुमच्या बंद बाजूला गेली की डोक्याआड मंदावते, आणि त्यांनी झाकून टाकलेला पखवाज मोकळा ऐकू येतो. डोक्याच्या आडोशाचा असाही उपयोग करून घ्या. मॉनिटर स्पीकर असेल तर तो डावीकडे, तुमच्या कानाकडे तोंड करून, आणि त्यात फक्त गायक आणि पखवाज. पेटी त्यात मागू नका, ती तुमच्या हाताखालीच आहे.

सभागृहात मंच डाव्या कानाकडे यावा म्हणून प्रेक्षागृहाच्या उजव्या भागात बसा, म्हणजे मंचाकडे तोंड केल्यावर जो उजवा हात त्या बाजूला. कडेच्या स्पीकरच्या अगदी पुढ्यात नको. मधल्या रांगांत, मधल्या वाटेपासून चार-सहा खुर्च्या उजवीकडे ही जागा चांगली. ज्यांचा डावा कान बंद आहे त्यांनी बरोबर उलट करावं. गावच्या सप्त्यात मंडपातले भोंगे बहुतेक मोनोच असतात, तिथे बाजूचा प्रश्न नाही. भोंग्यापासून लांब बसा म्हणजे झालं.